घरात मांजर, घरात कुरबूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर अमळनेरला, शेती पारोळ्याकडे. घरात जिजी म्हणजे सासूबाई, आप्पा म्हणजे सासरे, जेठ-जेठानी, आम्ही दोघं आणि मुलं. नऊ वर्षांपासून घरात भुरी नावाची मांजर आहे, आणि तिच्यावरून होणारी कुरबूरही नऊ वर्षांचीच. आजूबाजूच्या गल्ल्यांमधून पिल्लू हवं असलेले, पिल्लू नको असलेले आणि पिल्लावरून भांडलेले असे सगळेच फोन करतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

मांजर आणायच्या आधी घरात कुणाकुणाला विचारायचं?

विचारा सगळ्यांना. पण होकार धरायचा तो घर झाडणाऱ्या माणसाचा. मुलं हो म्हणतील, पुरुष "मला काय, आणा" म्हणतील. त्या होकाराला वजन नाही, कारण सोफ्याखालची घाण त्यांना दिसतही नाही.

आमच्याकडे उलटं झालं. आमचे हे एका जिनिंगच्या आवारातून दीडेक महिन्याचं पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आले. राखाडी रंग म्हणून मुलांनी नाव ठेवलं भुरी. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "भुरी आली का? मग गंधक मारा." (शेतीशी संबंध नसणाऱ्यांसाठी: भुरी हा पिकावरचा रोग. पानांवर पीठ सांडल्यासारखं दिसतं आणि त्यावर गंधक फवारतात.) सगळे हसले. जिजी हसल्या नाहीत. त्या चुलीपुढून उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, "एकतं हाई ऱ्हाई, नहीतं मी ऱ्हासू." ही राहील, नाहीतर मी राहीन. मग तीन दिवस त्या आमच्या ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. राग मांजराचा कमी आणि न विचारल्याचा जास्त होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

विरोध करणाऱ्या माणसाचं मन कसं वळवायचं?

वळवायच्या नादी लागू नका. "पिल्लू पाहिलं की आपोआप लळा लागेल" असं म्हणून पिल्लू आणणारे मला दर महिन्याला भेटतात. लागतोही कुणाकुणाला. पण जिजींना नऊ वर्षांत लागला नाही. त्यांनी भुरीला आजवर हात लावलेला नाही आणि पुढेही लावतील असं दिसत नाही. तरी दोघी एका छपराखाली राहतात, कारण आम्ही अटी ठरवल्या.

स्वयंपाकघरात आणि देवघरात मांजर येणार नाही. वाळवणाच्या दिवशी ती वरच्या खोलीत कोंडलेली असेल. तिचं घमेलं ज्यानं तिला आणलं तोच साफ करेल, बायको नाही. जिजींची बाजूही ठरली: अंगणात, ओसरीवर, जिन्यात ती दिसली तर खराटा उचलायचा नाही. आठव्या दिवशी आमच्या ह्यांनी घमेल्याची पाळी चुकवली. जिजींनी ते घमेलं तसंच उचलून त्यांच्या मोटरसायकलच्या सीटवर नेऊन ठेवलं. त्यानंतर पाळी चुकली नाही.

एक मात्र सांगते. अटी बोलून दाखवा, मनात धरू नका. "तिला समजायला हवं होतं" या वाक्यावर निम्मी भांडणं उभी असतात.

घमेलं म्हणजे काय? बाजारातली वाळू घ्यावी लागते का?

बांधकामाचं घमेलं घ्या, त्यात चार बोटं कोरडी वाळू घाला आणि ते कोपऱ्यात ठेवा. मांजर जात्याच पुरून टाकणारं जनावर आहे, त्यामुळे दोन-चार दिवसांत शिकतं. घट्ट झालेली वाळू रोज उचलायची, आठवड्याला सगळी बदलायची. घमेलं साबणाच्या पाण्यानं धुवा. फिनाइल नको, ते मांजराच्या पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं आणि तिला बाधतं. दुकानातली वाळू वास जास्त धरते हे खरं, पण तिच्यावाचून अडत नाही.

मांजर घरात असणं अशुभ असतं का? आजी ऐकतच नाहीत.

आजींशी वाद घालू नका, आजींचीच दुसरी बाजू आजींपुढे ठेवा. आडवं गेलं तर काम होत नाही म्हणणारी माणसंच मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असंही सांगतात. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचं वाहन मांजरच. रात्री रडतं ते मरण बोलावत नाही, माजावर आलेलं असतं. त्याचा इलाज पुढे आहे.

मुलगी बाळंतपणाला माहेरी येतेय. मांजर बाहेर काढावं लागेल का?

बहुतेक घरांत नाही. पण इथे नुसती समजूत घालून चालत नाही, कारण भीतीत थोडं तथ्य आहे.

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. गरोदरपणात त्याची लागण पहिल्यांदाच झाली तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. मात्र बाहेर पडल्या-पडल्या तो लागत नाही. लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळू रोजच्या रोज उचलली की धोका बराच उतरतो. ती उचलायची गरोदर बाईनं नाही, दुसऱ्यानं. मांजराला कच्चं मांस घालायचं नाही. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते: हाच परजीवी अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही येतो. मांजर घराबाहेर काढलं आणि मेथीची जुडी नीट धुतली नाही, तर काय साधलं? रक्ताची तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा.

बाळ आल्यानंतरचा प्रश्न वेगळा आहे. मांजराला ऊब आवडते, त्यामुळे ते झोळीत किंवा पाळण्यात जाऊन बसू शकतं. बाळ आणि मांजर एका खोलीत एकटी ठेवायची नाहीत, एवढंच. माझी नणंद आली तेव्हा तिच्या खोलीला सव्वा महिना बाहेरून कडी होती. भुरी रोज दुपारी त्या दारापुढे येऊन बसायची, दाराखालच्या फटीतून पंजा घालून पाहायची आणि निघून जायची.

मांजराचा केस पोटात गेला तर काय होतं? मुलाला दमा आहे.

गिळलेला एखादा केस शौचावाटे निघून जातो. दमा आणि ॲलर्जीचा मामला केसाचा नाहीच. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींमध्ये एक प्रथिन असतं. ती अंग चाटते, ते वाळतं, हवेत उडतं, आणि ज्याला सोसत नाही त्याला शिंका, डोळ्यांना खाज, धाप सुरू होते. म्हणून "केस बारीक कापून आणतो" हा उपाय निरुपयोगी.

घरात खरंच दमेकरी असेल आणि मांजर आल्यापासून त्रास वाढला असेल, तर भांडण तिथेच संपवा. माणूस आधी. आणायचं ठरत असेल तर त्या मुलाला अगोदर मांजर असलेल्या घरी दोन-तीन वेळा तास-दोन तास बसवून पाहा.

दुधावरून रोज भांडण होतं. मांजराला दूध नको तर काय द्यायचं?

दूध तिला आवडतं, पचत नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर झेपत नाही, हगवण लागते. मग ती घाण कुणी काढायची यावरून दुसरं भांडण. पाणी द्या. दुधाचं पातेलं जाळीच्या कपाटात ठेवा. जिजींनी स्वयंपाकघराला जाळीचा दरवाजा करून घेतला आणि पैसे आमच्या ह्यांच्याकडून वसूल केले. शिंकं तुटायची वाट पाहत बोक्यानं जन्म काढला, तरी जाळीपुढे त्याचं काही चालत नाही.

आम्ही माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजर पाळता येईल?

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो, आणि ज्यांना गोड उत्तर हवं असतं त्यांना माझं उत्तर आवडत नाही.

मांजर मांसाहारीच आहे. कुत्रं दूध-भाकरीवर कसंबसं निभावून नेतं, मांजर नाही. तिला टॉरीन नावाचा एक घटक लागतो. तो मांस-मासळीत असतो, भाकरीत नसतो. तो मिळाला नाही तर तिची नजर जाते, हृदय कमजोर होतं. वर्षभर वरण-भात खाऊन "आमची मांजर शुद्ध शाकाहारी आहे" असं कौतुकानं सांगणाऱ्या घरातली मांजर गुपचूप शेजारी जेवत असते किंवा उंदीर मारत असते. आणि तो उंदीर एक दिवस ती तुमच्या तुळशीपुढे आणून ठेवणार, हेही धरून चाला.

तडजोड काय? काही माळकरी घरं बाजारातला कोरडा खाऊ ओट्याबाहेर, वेगळ्या वाटीत देतात. त्यात मासळी-कोंबडी असते, पण हात लावावा लागत नाही, शिजवावं लागत नाही. ज्यांना पिशवीसुद्धा उंबऱ्याच्या आत नको, त्यांनी मांजर पाळू नये. त्यात कमीपणा नाही. गाय पाळा.

वाळवणाच्या दिवसांत काय करायचं?

ज्यांच्याकडे गच्चीवर वाळवण होत नाही त्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं. बाकीच्यांनी नीट वाचा, कारण मांजर घरातून गेलीच तर ती याच दिवसांत जाते.

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ते घालायचे म्हणजे ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, दळायची, पहाटे मोठ्या पातेल्यात पीठ शिजवायचं, तीळ-लसूण-मिरची घालून घोटायचं. ऊन चढायच्या आत गच्चीवर ओली धोतरं अंथरून गल्लीतल्या पाच-सहा जणींनी हात लावायचा. एकटीचं काम नाही. अशा एका सकाळी, भुरीचं पहिलंच वर्ष, आम्ही सगळ्या चहाला खाली उतरलो. वर आलो तेव्हा धोतराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रांग उमटली होती: चार बोटं आणि मागे गादी, चार बोटं आणि मागे गादी. सतरा बिबडे. पाय पोळले असावेत, कारण शेवटच्या तीन-चार ठशांमधलं अंतर वाढलेलं होतं. ती पळाली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नक्षी बरी पडली." जिजींनी ते सतरा बिबडे काढून गुरांपुढे टाकले आणि राहिलेल्यांतले निवडून आमच्या ह्यांच्या वाट्याला एकही ठेवला नाही.

तेव्हापासून फाल्गुन ते वैशाख, गच्चीवर कापड पडलं की भुरी वरच्या खोलीत. पाणी, घमेलं, बाहेरून कडी. कुरडया-पापड उतरले की कडी उघडते. कडीची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. दोघांवर ठेवली की दोघंही "मला वाटलं तू लावलीस" म्हणतात.

कानबाईच्या रोटांना मांजर शिवलं तर?

शिवूच द्यायचं नाही. कानबाई ही आमच्या खानदेशात घरोघर बसवली जाणारी देवी, रोट हा तिचा नैवेद्य. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद गोळा होतात, रोटाचं पीठसुद्धा निगुतीनं वेगळं ठेवलं जातं. त्या दिवशी "ती पण देवाचंच लेकरू" वगैरे भाषणं करू नका. शनिवारी संध्याकाळीच मांजर एखाद्या शेजाऱ्याकडे किंवा वरच्या खोलीत न्या, विसर्जनानंतर परत आणा. घर माणसांनी भरलेलं, दारं उघडी, बँड वाजतोय. तिलाही तो दिवस नकोसाच असतो. वर्षातले हे दोन दिवस सांभाळले की बाकीच्या दिवसांत बोलणी कमी बसतात, असा माझा अनुभव.

मांजर कापसात व्याली. जेठ म्हणतात, आजच्या आज बाहेर काढा.

जेठांचं चुकलेलं नाही. भाव वाढेल म्हणून पुढची खोली छतापर्यंत भरलेली, त्यावर घराचा वर्षाचा हिशेब टांगलेला, आणि मांजराला मात्र ती गादी दिसते. मऊ, उबदार, अंधारी जागा. ती तिथे व्याणारच, आणि त्या आधी तिथे घाणही करणार. रक्ता-मुताचा कापूस व्यापाऱ्यानं पाहिला तर तो ढिगाचा भाव पाडून मागतो.

पिल्लं आजच बाहेर टाकू नका, मरतील. एका खोक्यात जुनं लुगडं अंथरून, मांजरीच्या देखत पिल्लं त्यात ठेवा आणि खोका शांत जागी न्या. मांजर सात घरं फिरवते म्हणतात, त्यामुळे ती पुन्हा कापसात नेऊ पाहील. म्हणून कापसाच्या खोलीला आधी कुलूप, मग खोका. आठेक आठवड्यांची झाली की पिल्लं घरोघर देता येतात.

खरा इलाज म्हणजे नसबंदी. मांजर पाच-सहा महिन्यांतच माजावर येते, साधारण नऊ आठवड्यांत व्याते आणि वर्षातून दोन-तीनदा व्याऊ शकते. प्रत्येक वेळी तीन-चार पिल्लं. गुणाकार करा. पाच-सहा महिन्यांची झाली की शस्त्रक्रिया करून टाका. बोक्याचीही करा; त्याचं भिंतीवर मुताची पिचकारी मारणं आणि रात्रीची मारामारी बऱ्यापैकी थांबते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, मांजराची सोय असेलच असं नाही. आधी चौकशी करा, नाहीतर जळगाव-धुळ्याला न्या. "एकदा तरी आई होऊ द्यावं" असं म्हणणाऱ्यांना मी त्या एका वेळची सगळी पिल्लं घेऊन जायला सांगते. अजून कुणी नेली नाहीत.

धान्याला उंदीर लागतात म्हणून मांजर हवंय, पण घरात उंदरांचं औषधही ठेवतो. चालेल?

दोन्ही एकदम नाही. औषध खाल्लेला उंदीर मंदावतो, मंदावलेला उंदीर मांजराला सापडतो, आणि मांजर जातं. एक काहीतरी ठरवा.

मांजरानं बोचकारलं किंवा चावलं तर?

इथे घरगुती मत कुणाचंच ऐकू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरची काही भरू नका. मग थेट सरकारी रुग्णालय. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. रेबीज मांजराकडूनही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की वाचणं जवळपास अशक्य. ठरलेल्या तारखांचे सगळे डोस घ्या, दोन घेऊन थांबू नका.

मांजराला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी. लसीचा कागद घरातल्या विरोधी पक्षाला दाखवून ठेवा, उपयोग होतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीही जीव घेते. आणि बैलांच्या गोचिडांचं औषध उरलंय म्हणून पिसवांसाठी मांजराला लावू नका. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असलेली औषधं तिला सोसत नाहीत, झटके येतात. शेतकऱ्याच्या घरात ही चूक सहज होते, कारण बाटली गोठ्यातच असते.

मे महिन्यात कूलरपुढची जागा कुणाची?

आमच्याकडे आप्पांची. भुरी त्यांच्या खाटेखाली, ओल्या पोत्यावर. पारा पंचेचाळिशीकडे गेला की पत्र्याच्या खोलीत मांजर कोंडू नका, वाळवणाच्या दिवशीसुद्धा दुपारच्या आत सोडा. मातीच्या परळात सावलीला पाणी ठेवा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते नेहमीचं नाही, उन्हाचा झटका असू शकतो. अंग ओलं करा, वारा द्या, डॉक्टर गाठा.

मांजर पलंगावर घ्यायचं की नाही, यावर नवरा-बायकोचं जमत नाही.

जो नको म्हणतो त्याचं चालेल. पलंग दोघांचा आहे.

घरमालक किंवा सोसायटी मांजर पाळू देत नाही.

सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. पण परिपत्रक दाखवून शेजार सांभाळला जात नाही. खालच्यांच्या गादीवर तुमचं मांजर मुतलं असेल, तर आधी त्यांची गादी धुवून द्या.

कंटाळा आलाय. पोत्यात घालून शिवारात सोडून दिलं तर?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ खाली, जनावराची उपासमार होईल किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं गुन्हा आहे. त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, हे वाचून कुणाला धीर येऊ नये. घरात वाढलेल्या मांजराला शिवारातली कुत्री पहिल्याच रात्री फाडतात. नाहीतर ते आठ दिवसांनी, कान फाटलेलं, तुमच्याच ओट्यावर येऊन बसतं. दोन्ही मी पाहिलेलं आहे.

मग द्यायचं तर कसं द्यायचं?

घर शोधून द्या. आधी नसबंदी आणि लस करून घ्या, म्हणजे घेणारा मिळतो. घेणाऱ्याच्या घरी जाऊन या, आणि घर झाडणाऱ्या बाईला तिथेच, तिच्या घरच्यांसमोर विचारा. ती गप्प राहिली तर तो नकार समजा.

नेताना पिशवीत नको, झाकणाच्या टोपलीत न्या आणि टोपलीवर ओलसर फडकं टाका. सोबत तिच्या घमेल्यातली ओंजळभर जुनी वाळू आणि ती ज्यावर झोपते ते पोतं न धुता द्या. नव्या घरात तिला तेवढाच ओळखीचा वास. पहिले दहा-पंधरा दिवस तिथे तिला एकाच खोलीत ठेवायला सांगा, नाहीतर ती परत निघते. आणि एका आठवड्यानं फोन करा. उचलला नाही तर स्वतः जाऊन पाहून या.